बाटलीतला शेजारधर्म

शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा, असेच मी वर्गात सांगत आलो. हा अर्थ किती तोकडा, ते ग्लासगोच्या वॉल्टर लीचमन वकिलांची हकिगत वाचून कळले.

जिंजर बिअरच्या बाटलीत उंदीर निघाल्याचा दावा ते मार्च १९२९ मध्ये हरले. ३ आठवड्यांच्या आत त्यांनी तसाच दुसरा दावा गुदरला! या खेपेस बाटलीत गोगलगाय. अशील मे डोनोह्यू. जवळ ५ पौंडांचीही मत्ता नाही. बाटली मैत्रिणीने घेतलेली. मग कारखानदाराशी बाईंचा करार तो कुठला?

पण १९३२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ मतांनी ठरवले : आपल्या हयगयीने ज्याला इजा होईल हे ओळखता यावे, तो आपला शेजारीच, त्याची काळजी वाहिलीच पाहिजे.

गोगलगाय कोर्टात कधी सिद्ध झालीच नाही. प्रकरण तडजोडीने मिटले. मला मात्र निकालाहून मोठे वाटतात, ते पराभवानंतरचे ३ आठवडे!