अळिंबीतली अळी: आधी डोकं पाहा

धिंगरीच्या देठात पांढुरकी अळी वळवळताना दिसली, की पाकीट थेट कचऱ्यात जातं. फेकण्याआधी ती एकदा भिंगाखाली धरावी. तिची ओळख डोक्यावरून पटते.

डोकं काळंभोर, चकचकीत आणि धडापासून स्पष्ट वेगळं असेल, पाय एकही नसेल, अर्धपारदर्शक अंगातून भरलेलं आतडं दिसत असेल, तर लागवडीच्या अळिंबीत ती बहुधा सायरिड माशीची अळी असते. लांबी फार तर सात-आठ मिलिमीटर. घरातल्या कुंडीच्या ओल्या मातीवर घोंगावणारी बारीक काळी चिलटं बहुतेक याच कुळातली. डोकं वेगळं दिसत नसेल, पुढचं टोक निमुळतं आणि मागचं बोथट असेल, तर फोरिड माशीचा संशय घ्यावा.

सर्वांत विलक्षण आहेत त्या सेसिड माशीच्या नारिंगी किंवा पांढरट, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या अळ्या. त्यांतल्या काही जातींत अळीच्याच पोटात नव्या अळ्या वाढतात आणि आईला आतून खाऊन बाहेर पडतात. ना नर-मादीचं मिलन, ना कोष! एकोणिसाव्या शतकात रशियातल्या कझानच्या निकोलाय वाग्नर यांनी हे सांगितलं, तेव्हा प्राणिशास्त्रज्ञांचा विश्वास बसेना.

उत्पादकाला ही ओळख पैशाची आहे. सायरिड उडत येते, सोबत हिरव्या बुरशीचे बीजाणूही आणते. तिला बारीक जाळीने अडवता येतं. सेसिडच्या अळ्या मात्र हात, कपडे, अवजारं यांवरून पसरतात. तिथे जाळी कुचकामी, स्वच्छता हाच उपाय.

नेमकी जात अळीवरून सांगणं तज्ज्ञालाही अवघड जातं. त्यासाठी अळी लागलेला तुकडा ओलसर कापसावर बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधावी आणि माशी निघेपर्यंत थांबावं. सायरिडचे दोन्ही डोळे शृंगिकांच्या वर एका पुलाने जोडलेले असतात. प्रयोगशाळेत डीएनएवरूनही निवाडा होतो.

रानातल्या अळिंबीत काळ्या डोक्याच्या अळ्या दुसऱ्याही कुळांतल्या असतात, त्यामुळे तिथे घाई नको. आणखी एक धोकादायक समजूत ऐकू येते: किडे खातात ती अळिंबी माणसाला चालते. ती साफ खोटी आहे. माणसाचं यकृत निकामी करणारं अमानिटा वंशातल्या काही अळिंब्यांचं विष काही फळमाश्यांच्या अळ्या सहज पचवतात. तेव्हा पावसाळ्यात रानातून आणलेली अळिंबी जाणकाराला दाखवल्याशिवाय शिजवू नका, मग तिच्यात अळी असो वा नसो.