जागलीला गॅसची टाकी केवढी न्यावी?

तूर शेंगांवर आली आणि हरभऱ्याने फूल धरले, की गडचांदूर-कोरपना भागातल्या कास्तकाराला घरची झोप उरत नाही. माणिकगडाच्या डोंगरातून रानडुकरे उतरतात आणि एका रात्रीत वावर उलथून टाकतात. मग मचाण येते, विजेरी येते, घोंगडी येते आणि जागल सुरू होते. अमलनाल्याच्या तलावावर जाळी टाकून पहाटेपर्यंत काठाशी बसणारांचीही तीच कथा. मे महिन्यात ४५ अंशांचे ऊन सोसलेले आपले अंग डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर पारा गेला, की अगदी आखडून जाते. थंडी आपल्याला नवी नाही, पण सवयीची नाही, एवढेच.

शेकोटी हा जुना उपाय. पण वाळत्या पिकाशेजारी ठिणगीचे भय असते, आणि ओले लाकूड धुरानेच माणसाला मचाणावरून खाली उतरवते. म्हणून अलीकडे कोणी लहान गॅसची शेगडी नेतो, कोणी शहरातून तापणाऱ्या जाळीचा हीटर आणतो. आणि मग प्रश्न येतो तो हा, की सोबत टाकी केवढी न्यावी?

माझ्या शेजारच्या एका काकाजींनी हा प्रश्न मला विचारला तो रागाने. त्यांनी ५ किलोची टाकी घेतली होती. चार रात्री बरी चालली. पाचव्या रात्री, बरोबर पहाटे, ज्योत बारीक होत होत विझली. "पाच किलो म्हनते, अन् भरते चार! लुटते आपल्याले," असे म्हणत ते टाकी परत करायला निघाले होते. मी म्हटले, "काकाजी, आधी काट्यावर ठेवू." प्रत्येक टाकीच्या वरच्या कड्यावर रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते. एकूण वजनातून ते वजा केले, की आत किती गॅस आहे ते कळते. काट्याने सांगितले, आत अजून पाऊण किलो शिल्लक आहे. दुपारी उन्हात तीच टाकी त्याच शेगडीला लावली, तर शेगडी छान पेटली! काकाजी माझ्याकडे पाहतच राहिले.

यात जादू नाही. टाकीत आपण ज्याला गॅस म्हणतो तो खरे म्हणजे दाबाखाली राहिलेला द्रव असतो. टाकी हलवून पाहा, आत डुचमळल्याचा आवाज येतो. वरची चावी उघडली, की या द्रवाची वाफ होऊन ती नळीत जाते. आणि वाफ व्हायची तर ऊब लागते. ओला पंचा अंगावर घेतला म्हणजे थंड वाटते, ते पाणी उडताना आपल्या अंगातली ऊब नेते म्हणून. टाकीतला द्रवही तसाच स्वतःची, टाकीच्या पत्र्याची आणि भोवतालच्या हवेची ऊब घेऊन उडतो, आणि उडता उडता उरलेल्याला गार करतो. शेगडी बराच वेळ मोठी चालली तर टाकीच्या खालच्या भागावर दव धरते, ते याचमुळे.

आता दुसरी गोष्ट. आपल्या टाकीत एक पदार्थ नसून दोन असतात, प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांवरही उकळतो, म्हणजे कितीही थंडी पडली तरी तो वाफ द्यायला तयार. ब्युटेन मात्र शून्य अंशाच्या जरासे खालीच थांबतो. आपल्याकडच्या गॅसमध्ये ब्युटेनचा भाग बहुधा निम्म्याहून अधिक असतो. आपल्या हवामानाला ते चालते, कारण स्वयंपाकघरात शून्य अंश कधी येत नाही. पण जागलीच्या पहाटे हवा १० अंशांवर आलेली, त्यात टाकी स्वतःच्या वाफेने आणखी गारठलेली, आणि चपळ प्रोपेन आधीच्या चार रात्रींत बराचसा उडून गेलेला. मागे राहिला तो सुस्त ब्युटेन. टाकीत गॅस असतो, पण तो बाहेर यायला राजी नसतो. काकाजींचा पाऊण किलो असा अडकला होता.

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात तलाव गोठतात. तिथले हौशी लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात, आणि डोक्यावरच्या लहानशा तंबूत हीटर लावतात. पारा शून्याखाली वीस-तीस अंश. तिथे ब्युटेनची टाकी म्हणजे दगडच. म्हणून ते प्रोपेनच वापरतात. एक पौंडाचा, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचा डबा घ्यावा, की वीस पौंडांची, सुमारे नऊ किलोची टाकी ओढत न्यावी, यावर त्यांचीही आपल्यासारखीच चर्चा चालते. लहान डबा हलका, पण हीटर मोठा केला तर अडीच तासांत खलास. अमलनाल्यावर बर्फ पडायचा नाही, पण हिशेब तोच आहे.

तो हिशेब असा. हीटरच्या किंवा शेगडीच्या पाटीवर तिची शक्ती किलोवॅटमध्ये दिलेली असते. एका किलोवॅटला ताशी सुमारे ८० ग्रॅम गॅस लागतो, एवढे लक्षात ठेवा. दीड किलोवॅटचा लहान हीटर ताशी १२० ग्रॅम खातो. आठ तासांची रात्र धरली तर जवळजवळ एक किलो. म्हणजे ५ किलोच्या टाकीत कागदावर पाच रात्री, आणि थंडीत शेवटचा भाग अडकतो म्हणून प्रत्यक्षात चार-साडेचार. तीन किलोवॅटचा मोठा हीटर असेल तर याच्या निम्म्या रात्री, किंबहुना त्याहूनही कमी. कारण वाफ दुप्पट वेगाने मागितली, की लहान टाकी अधिकच गारठते. मोठ्या टाकीत द्रव जास्त आणि पत्र्याचे अंगही मोठे, म्हणून ती हवेतून अधिक ऊब घेऊ शकते आणि मोठा हीटर निभावून नेते. तेव्हा टाकी किती तास पुरेल एवढेच विचारून भागत नाही. ती तेवढ्या वेगाने गॅस देऊ शकेल का, हेही विचारावे लागते.

मग घरची १४.२ किलोचीच न्यावी का? गॅसपरीस लोखंड जड, अशी तिची गत आहे. भरलेली टाकी ३० किलोंच्या आसपास जाते. बंडीवर ठीक, पण मोटरसायकलवर आडवी बांधून नेणारे मी पाहिले आहेत, आणि पाहून अंगावर काटा आला आहे. टाकी आडवी झाली, की चावीच्या तोंडाशी वाफेऐवजी द्रव येतो. गळती झाली तर तोच द्रव बाहेर येऊन दोन-अडीचशे पट पसरतो. टाकी नेहमी उभीच न्यावी आणि उभीच ठेवावी. शिवाय घरची टाकी वावरात गेली, की घरच्या बाईने चूल पेटवायची, हाही विचार असावा. ५ किलोची भरलेली टाकी साधारण १२-१३ किलोंची असते. एक माणूस ती बांधावरून नेऊ शकतो. २०२० पासून इंडियन ऑइलची ‘छोटू’ या नावाची टाकी केवळ ओळखपत्रावर मिळू लागली. घरचे कनेक्शन नसलेल्याचीही त्यामुळे सोय झाली. चहाच्या टपरीवाल्याची गोष्ट निराळी. त्याला दिवसभर मोठी ज्योत लागते. त्याने धंद्याची १९ किलोची घ्यावी. घरगुती टाकी धंद्याला वापरण्याची कायद्याने मुभा नाही.

माझे मत विचाराल तर जागलीला ५ किलोची टाकी आणि दीड किलोवॅटच्या आतली शेगडी पुरे. उघड्या मचाणावर मोठा हीटर लावणे म्हणजे वाऱ्याला शेकणे होय. हात शेकावे, चहा करावा, आणि अंगाचे काम घोंगडीवर सोपवावे.

काटकसर म्हणून कोणी बाजारातल्या दोन-तीन किलोच्या बिनछापाच्या टाक्या घेतात आणि मोठ्या टाकीतून नळीने भरून घेतात. ही काटकसर मात्र करू नका. कारखान्यात टाकी वजनावर भरतात आणि वर सुमारे १५ टक्के जागा मुद्दाम रिकामी सोडतात. द्रव तापला, की फुगतो. त्याला ती जागा लागते. नळीने भरणारा वजन पाहत नाही, तो गळ्यापर्यंत भरतो. डिसेंबरच्या थंडीत भरलेली अशी टाकी वावरातल्या टिनाच्या खोपीत राहून गेली, आणि वर चंद्रपूरचा मे महिना आला, तर द्रवाने जायचे कुठे?

आता या सगळ्याहून मोठी गोष्ट. थंडी फार झाली, की माणूस ताडपत्री चारी बाजूंनी आवळून घेतो आणि शेगडी आत ओढतो. राजुरा-बल्लारपूर हा आपला कोळशाचा मुलूख. कोणी गॅसऐवजी सिगडीत कोळसा घालूनही तसेच करतो. थोडा हिशेब करून पाहा. एक किलो गॅस पुरता जळायला सुमारे ४६० घनफूट हवा लागते. आपला दीड किलोवॅटचा लहान हीटरच ताशी ५५ घनफूट हवा मागतो. सात फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट उंच अशा खोपीत हवा किती? १४० घनफूट. म्हणजे बाहेरचा वारा आत येत नसेल तर अडीच तासांत सगळ्या हवेचा हिशेब संपतो. माणसावर मात्र त्याच्या पुष्कळ आधी बेतते. हवा कमी पडली, की जळणे अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक चिकटतो. डोके जड होते, मळमळते, आणि मग गुंगी येते. ती गुंगी माणसाला जागरणाची झोप वाटते! कोळशाच्या सिगडीत तर निखारे लाल दिसत असतानाही हा वायू निघत असतो.

गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. या वायूला तेवढीही दया नाही. म्हणून ताडपत्रीची एक बाजू वरून आणि एक खालून उघडी ठेवावी, निळी ज्योत पिवळी पडू लागली, की लगेच बाहेर यावे, आणि डोळा लागण्याआधी टाकीची चावी बंद करावी. जागलीला दोघे असतील तर उत्तम. एकाला गुंगी आली तर दुसऱ्याने त्याला उघड्यावर ओढून आणावे आणि दवाखान्यात न्यावे. "झोपू द्या, दमला आहे," असे म्हणू नये.

रात्री टाकी मंदावली तर तिच्या बुडाखाली निखारे सारू नयेत, की उकळते पाणी ओतू नये. ज्योत लहान करावी, आणि टाकी ओल्या जमिनीवर असेल तर फळीवर ठेवावी. फार तर कोमट पाण्यात भिजवलेले फडके तिला गुंडाळावे. आणि टाकी घेताना कड्याच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात ते वाचावे. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, असे ‘डी’पर्यंत. आकडे सालाचे. त्या तिमाहीपर्यंत टाकीची तपासणी व्हायला हवी असते. ती उलटून गेली असेल तर दुसरी मागून घ्यावी.

काकाजींनी यंदा पुन्हा ५ किलोचीच घेतली आहे. चार रात्री झाल्या, की ते ती घरी आणून सोप्यात ठेवतात, आणि उरलेला पाऊण किलो दिवसाच्या चहाला जाळतात.