अंधार बघायचा तरी कसा?

हॉस्टेलवर लाइट गेली की सगळी गँग गच्चीवर जमते, हे काही वेगळं सांगायला नको. अशाच एका रात्री एका मित्राने वर बघत विचारलं, "का रे, ब्लॅक होलमधून उजेडसुद्धा बाहेर येत नाही म्हणतात. मग ही शास्त्रज्ञ मंडळी दुर्बिणीतून बघतात तरी काय? अंधार?" सगळे हसले, पण उत्तर कुणालाच देता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तकं धुंडाळायला लागलो. हाती जे लागलं ते इथे मांडतोय.

पहिली गोष्ट म्हणजे कृष्णविवर दिसत नाही हे खरंच आहे. दिसतो तो त्यात पडणारा माल. एखाद्या ताऱ्याच्या शेजारी कृष्णविवर असेल तर ते त्या ताऱ्याचा वायू ओढत राहतं. हा वायू सरळ आत पडत नाही, गरगर फिरत जातो. खळ्यावरची मळणी आठवा. तिथे मधल्या खांबाजवळचा बैल हळू चालतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं. इथे नेमकं उलटं असतं, आतला वायू सगळ्यात जोरात पळतो. त्यामुळे आतला थर बाहेरच्या थरावर घासतो, तापतो, आणि तापमान कोटी अंशांच्या घरात जातं. एवढी तापलेली वस्तू लाल किंवा पिवळी दिसत नाही, ती क्ष-किरण फेकते. म्हणजे वायू उंबरठा ओलांडण्याआधी जी शेवटची आरोळी देतो, ती आपण ऐकतो.

मग ती जमिनीवरून का ऐकू येत नाही? कारण आपल्या डोक्यावरची हवा. हवा पातळ वाटते खरी, पण तिचा सगळा थर मिळून १० मीटर पाण्याइतका जड भरतो. (आपल्याकडच्या विहिरींना मे महिन्यात एवढं पाणी कधी बघितलंय?) ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण या थरात वरच्या वरच अडकतात. आपण जिवंत आहोत ते त्यामुळेच, पण संशोधकांची मात्र पंचाईत होते. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यायची.

भारताने ती नेली २८ सप्टेंबर २०१५ रोजी. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने 'अ‍ॅस्ट्रोसॅट' हा सुमारे दीड टन वजनाचा उपग्रह ६५० किलोमीटर उंचीवर सोडला. त्यावर पाच उपकरणं. मुंबईचं टीआयएफआर, पुण्याचं आयुका, बंगलोरची भारतीय ताराभौतिकी संस्था आणि इस्रोची केंद्रं अशा अनेकांनी मिळून ती बनवली. आयुका म्हणजे जयंत नारळीकर सरांनी उभी केलेली संस्था. म्हणजे आपल्या एसटीच्या टप्प्यातच की!

क्ष-किरणांना साधी भिंगं चालत नाहीत, आणि आरसा समोर धरला तर ते त्यात घुसतात. अ‍ॅस्ट्रोसॅटवर यावर दोन वेगवेगळे उपाय आहेत. सौम्य क्ष-किरणांसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांचे आरसे एकात एक बसवलेत. तळ्यात चपटा दगड अगदी आडवा मारला की तो टप्पा घेऊन उसळतो ना, तसे हे किरण आडवे येऊन उसळतात आणि एका जागी जमतात.

पण कठोर क्ष-किरण असं काही ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी जे उपकरण आहे त्याचं नाव सीझेडटीआय, आणि मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते हेच. यात आरसाच नाही! खाली कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या १६,३८४ छोट्या चौकोनांचा फलक, आणि त्याच्या वर टँटलम धातूचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा, त्यात चौकोनी भोकं पाडलेली. बस्स. तुमच्या रूमच्या खिडकीच्या जाळीची सावली फरशीवर पडते. सूर्य सरकला की सावली सरकते. सावलीवरून सूर्य कुठे आहे ते सांगता येतं की नाही? आता समजा एकाऐवजी तीन सूर्य असले तर तीन सावल्या एकमेकींवर पडून गिचमिड होईल. पण भोकांची नक्षी नीट निवडलेली असेल, एक सावली दुसरीसारखी कधीच दिसणार नाही अशी, तर गणित करून तिन्ही वेगळ्या काढता येतात. फोटो कॅमेऱ्यात निघत नाही, कॉम्प्युटरवर निघतो. सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरला ज्या कोरिलेशनला आपण शिव्या घालतो, तेच इथे कामाला येतं.

यात एक गंमत आहे. साधारण १०० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर गेलं की किरण इतके ताकदवान होतात की पत्रा काय आणि बाजूच्या भिंती काय, सगळं त्यांना काचेसारखं. नक्षीची सावलीच पडत नाही. बाकी कुणी याला डिझाइनमधली खोट म्हटलं असतं. पण भिंती पारदर्शक म्हणजे उपकरणाला आजूबाजूचं आकाशही उघडं! गॅमा किरणांचे स्फोट कधी आणि कुठे होतील याचा भरवसा नसतो, काही सेकंदांत खेळ आटोपतो. प्रचंड तारा कोसळून नवं कृष्णविवर जन्मतं तेव्हा असा स्फोट होतो असं मानतात. ६ ऑक्टोबर २०१५ ला सीझेडटीआय सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी असा एक स्फोट त्यात नोंदला गेला, तोही रोखलेल्या दिशेपासून सुमारे ६० अंश बाजूला. त्याचं नाव जीआरबी १५१००६ए. नावातच तारीख आहे बघा. २०२३ पर्यंत अशा नोंदी ५०० च्या वर गेल्या.

जुनी कृष्णविवरंही यातून मोजली जातात. फोर-यू १६३०-४७ हे त्यांतलं एक. २०१६ मध्ये ते भडकलं तेव्हा अ‍ॅस्ट्रोसॅट आणि अमेरिकेच्या 'चंद्रा' दुर्बिणीने ते तपासलं. त्याचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग शक्य असलेल्या कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या आसपास निघाला. (चंद्रा हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून.)

आता दूरच्या दीर्घिका. अ‍ॅस्ट्रोसॅटवरची अतिनील दुर्बीण हबलपुढे अगदीच लहान, आरसे ३८ सेंटिमीटरच्या आसपास. तरी ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने आकाशाच्या एकाच तुकड्याकडे २८ तासांहून जास्त बघितलं, आणि आयुकाचे कनक साहा व सहकाऱ्यांना ९३० कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका सापडली. प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती. तुकडा हबलने पिंजून काढलेलाच होता! फरक असा की अ‍ॅस्ट्रोसॅटच्या डिटेक्टरमध्ये नॉइज फार कमी. पण त्या क्षीण ठिपक्यावर विश्वास बसेपर्यंतच्या तपासणीत जवळपास दोन वर्षं गेली, निबंध आला २०२० मध्ये. आरसा लहान म्हणून हातपाय गाळले नाहीत, हे मला फार भावलं.

हे सगळं ऐकून तोच मित्र म्हणाला, "ते ठीक आहे, पण २०१५ ला आपल्या जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या होत्या. तेव्हा १७८ कोटीचा उपग्रह?" प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. अशा डिटेक्टरचा उपयोग दवाखान्यातल्या स्कॅनिंगलाही होतो असं उत्तर देता येतं, पण ते खरं उत्तर नव्हे. दुर्बीण त्यासाठी बांधलीच नव्हती. माझ्यापुरतं उत्तर असं की छावणीतल्या माणसाच्या पोरालाही वर काय आहे हे कळायचा हक्क आहे. मग पैसा त्याचाही लागलाय तर माहितीही त्याला मिळाली पाहिजे.

आणि ती मिळते. सप्टेंबर २०१८ पासून इस्रोने अ‍ॅस्ट्रोसॅटची जुनी निरीक्षणं सगळ्यांना खुली केली आहेत, मोफत. आज्ञावल्याही मोफत आहेत. साधा कॉम्प्युटर, लिनक्स, थोडं पायथन आणि भरपूर चिकाटी एवढं भांडवल पुरतं. खुल्या माहितीची कमाल अशी की पुण्याच्या एनसीआरएमधल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी अमेरिकेच्या जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सुंदर सर्पिल दीर्घिका शोधली. महास्फोटानंतर अवघ्या दीडशे कोटी वर्षांनी तयार झालेली! नाव ठेवलं 'अलकनंदा'. ही बातमी नोव्हेंबर २०२५ ची.

सुरुवात मात्र गच्चीवरूनच करा. ऑक्टोबरात जेवण झाल्यावर पश्चिमेकडे उंचावर हंस तारकासमूह दिसतो. त्याच्या लांब मानेच्या मध्याजवळ 'सिग्नस एक्स-१' आहे. खरंखुरं कृष्णविवर, सुमारे ७,००० प्रकाशवर्षं लांब, सूर्याच्या २१ पट वस्तुमानाचं. ते दिसणार नाही, पण ज्याचा वायू ते ओढतंय तो निळा तारा चांगल्या बायनॉक्युलरमधून ठिपक्यासारखा सापडतो. फक्त लाइट गेलेली पाहिजे, आणि तेवढी सोय आपल्याकडे आहेच.