वाळूजचे शहाणपण कॅन्सरच्या टेबलापर्यंत जाऊ द्या

आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात बाहेरून किरणोपचार देणारे ट्रूबीम यंत्र आल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाण्यापर्यंतच्या रुग्णांची मुंबईची फरफट त्याने वाचणार असेल, तर त्या बातमीचा आनंद व्हायलाच हवा. पण त्या गर्दीत एक गोष्ट सुटून गेली. मराठवाड्यातल्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग, म्हणजे गावाकडे ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात तो, झाला आणि आजार थोडा पुढे गेलेला असला, तर तिच्या इलाजाचा कळीचा टप्पा त्या मोठ्या यंत्राखाली होत नाही. तो होतो डॉक्टरांनी हाताने बसवलेल्या एका पोकळ नळीतून. या नळीला आणि तिच्या जोडभागांना मिळून अ‍ॅप्लिकेटर म्हणतात. त्याचा फोटो कुठेही छापून येत नाही.

आधी पाचेक आठवडे बाहेरून किरणांचा शेक दिला जातो. मग येते ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून दिलेला शेक. भूल देऊन टँडम नावाची वाकडी नळी गर्भाशयाच्या पोकळीत सरकवतात आणि मुखाशी दोन अंडाकृती ओव्हॉइड किंवा एक रिंग बसवतात. मूत्राशय आणि गुदाशय दूर राहावेत म्हणून गॉजची पट्टी ठासून भरतात. त्यानंतर सीटी किंवा एमआरआय, मग नियोजन. शेवटी सगळे खोलीबाहेर गेले की यंत्रातून तारेच्या टोकाला बसवलेला इरिडियम-१९२ चा किरणोत्सर्गी कण, म्हणजे स्रोत, नळीत शिरतो. जाडीला तो जेमतेम एक मिलिमीटर. ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो आणि परत फिरतो.

किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. स्रोतापासून एक सेंटिमीटरवर जेवढी मात्रा मिळते, तिचा साधारण चौथा भाग दोन सेंटिमीटरवर पोचतो. म्हणूनच गाठीला भरपूर मात्रा देऊन शेजारचा गुदाशय वाचवता येतो. आणि म्हणूनच अ‍ॅप्लिकेटर काही मिलिमीटर सरकला तरी हिशेब बिघडतो. थिएटरमधून सीटीकडे, तिथून उपचार खोलीकडे बाईला स्ट्रेचरवरून नेताना जड स्टीलचा दांडा हलला, तर संगणकावरचे सुंदर नियोजन आणि शरीरातले वास्तव यांची फारकत होते.

पूर्वी याहून अवघड होते. रेडियमच्या नळ्या डॉक्टर आणि परिचारिका हातानेच हाताळत, आणि घाईत काम उरकावे लागे, कारण प्रत्येक मिनिटाला त्यांच्या बोटांवर किरणे पडत होती. १९६० च्या सुमारास उलरिक हेन्शके आणि इतरांनी क्रम बदलला. आधी रिकामा अ‍ॅप्लिकेटर निवांतपणे बसवायचा, स्रोत नंतर आत सोडायचा. यासाठी नवे किरण शोधावे लागले नाहीत, नवे औषधही नाही. कोणती वस्तू कधी हातात असावी एवढेच ठरवले, आणि डॉक्टरांच्या हाताला घाई करण्याचे कारण राहिले नाही. या विषयातली सगळ्यात मोठी सुधारणा मी हीच मानतो.

डोळ्यांच्या उपचारातही हेच दिसते. बुबुळावर चढणारी वेल पुन्हा वाढू नये म्हणून स्ट्रॉन्शियम-९० चा अ‍ॅप्लिकेटर डॉक्टर दांडीने धरून डोळ्यावर टेकवत आणि सेकंद मोजत. बीटा किरणांपासून बोटे वाचवायला दांडीवर अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक चकती असे. हात थरथरला किंवा वेळ चुकली, तर मात्रा चुकली. आता डोळ्यातल्या गाठीसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम-१०६ च्या चकत्या बनवल्या आहेत. त्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टाके घालून बसवतात आणि मात्रा पुरी झाली की काढतात. धरून ठेवण्याचे काम हाताकडून टाक्यांकडे गेले.

आता एक जुना अपघात सांगतो, कारण तो समजला की सगळा विषय समजतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात इंडियाना गावच्या एका केंद्रावर उपचार चालू असताना तार तुटली आणि इरिडियमचा स्रोत रुग्णाच्या शरीरातच राहिला. खोलीतला किरणमापक वाजला. पण तो याआधीही उगीच वाजत असे, म्हणून कर्मचाऱ्यांनी यंत्राच्या पडद्यावर विश्वास ठेवला. पडदा म्हणत होता, स्रोत सुरक्षित आत आहे. हातातला किरणमापक घेऊन कोणी रुग्णाजवळ गेले नाही. पाच दिवसांनी रुग्णाचा मृत्यू झाला आणि नव्वदहून अधिक माणसांवर किरणांचा मारा झाला. आपल्याला वाटते तंत्रज्ञ बेपर्वा होते. मला वाटते, जो घंटानाद खोटा ठरत आला त्याकडे दुर्लक्ष करणे हा माणसाचा स्वभावच आहे, आणि तो गृहीत धरूनच उपकरणाची रचना व्हायला हवी होती.

आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने २००५ च्या आपल्या ९७ व्या अहवालात अशा ब्रॅकीथेरपीच्या पाचशेहून अधिक अपघातांची नोंद घेतली आणि मुख्य कारण दिले ते मानवी चूक. चुकांचे मासले साधे असतात. यंत्र आणि अ‍ॅप्लिकेटर यांना जोडणारी नळी चुकीच्या लांबीची लावली, की स्रोत भलत्याच ठिकाणी थांबतो. पहिल्या क्रमांकाच्या छिद्रात तिसऱ्याची जोडणी झाली, की एका बाजूचा डोस दुसरीकडे जातो. निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्हमध्ये वारंवार गेलेल्या दांड्यावरचे कोरलेले अंक पुसट होतात. ओल्या हातमोज्यात बारीक स्क्रू फिरत नाही.

अशा चुकांवर "कर्मचाऱ्यांनी काळजी घ्यावी" असे परिपत्रक काढले जाते. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही हे पुरेसे वाटणार नाही. असेंब्ली लाइनवर काम करणारा आपला गडी 'पोका-योके' हा शब्द जपानी आहे म्हणून थबकत नाही, तो रोज वापरतो. शिगेओ शिंगो यांनी मांडलेला विचार असा की चूक करायला जागाच ठेवू नका. सिमकार्डचा एक कोपरा कापलेला असतो, म्हणून ते उलटे बसत नाही, तसेच. चुकीच्या छिद्रात न शिरणारी जोडणी, चुकीच्या लांबीची नळी लावल्यास न बसणारे टोक, लेझरने कोरलेले व रंगाने ओळखू येणारे क्रमांक, एका हाताने घट्ट होणारी कळ. काही कंपन्यांच्या अ‍ॅप्लिकेटरमध्ये यातले काही आहे. पण ते सगळीकडे नाही, आणि महाग आहे.

रचनेची कल्पकता काय करू शकते, याचे उदाहरण मुंबईचे टाटा मेमोरियल आणि व्हिएन्ना यांच्या कामात सापडते. गाठ बाजूच्या ऊतींत, ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पसरली, की साध्या टँडम-रिंगचा डोस तिथे पोचत नाही. व्हिएन्नाच्या गटाने रिंगला छिद्रे पाडून सुयांची वाट काढली. पुढच्या 'व्हिएन्ना-२' मध्ये रिंगवर बसणारा जोडभाग आला, त्यातून तिरक्या सुया बाजूला घालता येतात. तेव्हा मुंबईत असलेल्या डॉ. उमेश महांतशेट्टी यांनी व्हिएन्नाच्या सहकाऱ्यांबरोबर २०१९ मध्ये या साधनाचा दोन संस्थांमधला अनुभव प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या मोठ्या, उशिरा आलेल्या गाठींना नेमके असेच काही हवे होते. एका प्लास्टिकच्या रिंगमधल्या काही छिद्रांच्या कोनाने उपचार मिळू शकणाऱ्या बायकांचा आवाका वाढला. दुसरीकडे, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्ब्रेस अभ्यासात १,३४१ रुग्णांवर एमआरआय पाहून केलेल्या ब्रॅकीथेरपीत पाच वर्षांत स्थानिक नियंत्रण ९२ टक्के आले. एमआरआय चालायला अ‍ॅप्लिकेटर प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा हवा. साध्या स्टीलचा तिथे चालत नाही.

इथे माझा आग्रह सुरू होतो. मराठवाड्यातल्या बायकांनी या विषयात जगाला काही दिले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ बायकांवर झालेल्या तपासणीच्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले की एकदा केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होतात. त्यांच्या लेकीसुनांना आयात केलेल्या मापांचेच अ‍ॅप्लिकेटर का बसवावेत? बाहेरच्या शेकानंतर योनिमार्ग अनेकदा आकसलेला असतो. तिथे मधल्या मापाचा ओव्हॉइड बसत नाही आणि छोटा प्रत्येक संचात असतोच असे नाही. मापे इथे घ्यावीत, नमुने इथे घडवावेत. चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, सूक्ष्म साचे कापणारे कारागीर आहेत, थ्रीडी प्रिंटिंग आहे. या हातांना कॅन्सरच्या टेबलाशी कोणी बोलावलेच नाही.

बोलवायचे असेल, तर एकट्या डॉक्टरांनी बोलावून भागणार नाही. नळ्या जोडणारा तंत्रज्ञ, निर्जंतुकीकरण करणारी सिस्टर, मापे काढणारा मेडिकल फिजिसिस्ट आणि ज्या बाईला पाय वर बांधून तासभर पडून राहावे लागले ती, हे सगळे पहिल्या बैठकीला हवेत. मग परवानग्या आहेतच: अणुऊर्जा नियामक मंडळ, वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम, मानवी शरीराला चालणारी सामग्री, ऑटोक्लेव्हच्या शेकडो फेऱ्यांनंतरची मापे. सुरुवात मात्र त्याआधी होऊ शकते. आज वापरात असलेल्या संचांवरचे अंक नव्याने कोरणे, प्रत्येक नळीची लांबी पट्टीने मोजून तिच्यावर रंगाची खूण करणे, आणि स्ट्रेचरवरून हलवताना दांडा न हलू देणारी हलकी पट्टी बनवणे. ही तिन्ही कामे चिकलठाण्यात होऊ शकतात. भौतिकशास्त्रज्ञ तपासून सही करतील, आणि पुढच्या पेशंटपासून ती वापरात येतील.