शास्त्रज्ञाचा संशय आणि सर्पगंधा

'डॉक्टरसाहेब, या औषधाला पुरावा काय?' असे आता रुग्णही विचारू लागले आहेत. आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न म्हणजे शास्त्राचा अवमान वाटतो. आम्हांसही पूर्वी तसेच वाटे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची दुसरी बाजू वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधी विक्रेत्यांपुढे ठेवीत आहोत.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वादमार्गाची 44 पदे सांगितली आहेत. त्यांत संशय, जिज्ञासा व व्यवसाय ही पदे येतात. संशयाचे उदाहरण मननीय आहे. दीर्घायुष्याची लक्षणे असलेले व नसलेले, चिकित्सा घेतलेले व न घेतलेले, असे सर्व प्रकारचे लोक लवकर मरतानाही दिसतात आणि चिरकाल जगतानाही दिसतात. म्हणून अकालमृत्यू आहे की नाही, असा संशय उत्पन्न होतो. चिकित्सा घेतलेल्यांच्या जोडीला न घेतलेल्यांचाही विचार येथे केलेला आहे, हे लक्षात घ्यावे. जिज्ञासा म्हणजे परीक्षा, आणि तिचे उदाहरण भेषजपरीक्षेचेच दिले आहे. व्यवसाय म्हणजे निश्चय. जो संशयावरच थांबतो त्याला निश्चय लाभत नाही, आणि जो संशय टाळून थेट निश्चयाला येतो त्याची परीक्षा राहून गेलेली असते.

सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. उन्माद व निद्रानाशात ही वनस्पती परंपरेने वापरली जात होती. 1931 मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रुग्णांवरील आपली निरीक्षणे 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडली. 'अनेकांना गुण येतो' एवढ्यावर न थांबता त्यांनी रक्तदाबाचे आकडे पुढे ठेवले. त्यानंतर अमेरिकेतील चिकित्सकांनी हे औषध स्वतः पडताळून पाहिले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. 1957 मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

संशयाचे काम मात्र येथे संपले नाही. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत विषण्णता आढळू लागली आणि मात्रेविषयी सावधगिरी आली. 1974 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये रेसर्पिनचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध दर्शविणारे अभ्यास प्रसिद्ध झाले. तेव्हा शास्त्रज्ञांनी त्या आरोपावरही संशय घेतला. तुलनेसाठी निवडलेल्या स्त्रियांच्या गटातून हृद्‌रोगादी व्याधी असलेल्यांना, म्हणजे रेसर्पिन घेण्याचा संभव अधिक असलेल्यांनाच, वगळल्यामुळे हा संबंध भासला होता, असे पुढील विश्लेषणांत दिसून आले. ज्या संशयाने औषधाचा दोष दाखविला, त्याच संशयाने त्यावरील खोटा आळही दूर केला.

आता आमचा अनुभव. काही वर्षांपूर्वी मंगरूळपीर येथील आमच्या चिकित्सालयात उच्च रक्तदाबाचे एक शेतकरी आले. सर्पगंधायुक्त वटी सुरू केली. पंधरा दिवसांनी रक्तदाब उतरलेला आढळला आणि आम्ही समाधान मानले. पुढे ते आले नाहीत. बरे वाटत असावे, असे आम्ही गृहीत धरले. दीड वर्षाने त्यांचा मुलगा स्वतःच्या तक्रारीसाठी आला, तेव्हा वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्याचे कळले.

त्या रात्री आम्ही जुनी नोंद काढून पाहिली. पहिला रक्तदाब वैशाखातल्या दुपारी, बसमधून उतरून आल्याबरोबर घेतलेला होता. दुसरा सकाळी, विश्रांतीनंतर. मधल्या काळात त्यांनी खर्रा व लोणचे सोडले होते. मग उतार कशाने पडला? औषधाने, पथ्याने, की मोजण्याच्या वेळेने? आम्हांस उत्तर देता आले नाही. याहून मोठी चूक अशी की, परत न आलेला रुग्ण आम्ही बरा झालेल्यांत मोजला होता.

तेव्हापासून आम्ही रुग्णास बसवून, विश्रांती देऊन, निरनिराळ्या दिवशी रक्तदाब घेतो व मगच निदान करतो. इतर कोणती औषधे चालू आहेत, झोप व मनःस्थिती कशी आहे, हे विचारून लिहून ठेवतो. ठरल्या दिवशी जो आला नाही त्याला दूरध्वनी करतो. रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर तज्ज्ञांकडे पाठविण्यात कमीपणा मानीत नाही.

औषधी विक्रेत्यांनीही हीच दृष्टी ठेवावी. सर्पगंधेच्या मुळांत त्याच प्रजातीतील अन्य वनस्पतींची मुळे मिसळलेली असू शकतात. माल बाजारभावापेक्षा स्वस्त मिळत असेल तर आनंद मानण्यापूर्वी संशय घ्यावा आणि त्या घाणीचा तपासणी अहवाल मागावा. मूळच वेगळे असेल तर वैद्याची नोंद आणि रुग्णाचा विश्वास दोन्ही व्यर्थ जातात.

पुरावा विचारणाऱ्या रुग्णापुढे आम्ही आता नोंदवही उघडतो. त्या शेतकऱ्याच्या पानावर रक्तदाबाच्या दोनच नोंदी आहेत. सुज्ञ वाचकांनी आपापल्या नोंदवह्या याच दृष्टीने चाळाव्यात आणि यशाबरोबर अपयशाचीही वृत्ते या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावीत, ही नम्र विनंती.