सर्वनाम, स्वल्पविराम आणि मराठी कान

इंग्रजी शिकू लागलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास अडवतात: 'आय' कोठे आणि 'मी' कोठे, व स्वल्पविराम कोठे द्यावा. त्यात नामसाम्याची थट्टा अशी की, इंग्रजीतला 'मी' हा आपला 'मी' नव्हेच. तो आपला 'मला', 'माझ्या'. 'बिट्वीन यू अँड आय' असे चांगली शिकलेली माणसेही म्हणतात, कारण 'आय' त्यांना अधिक सभ्य वाटतो. श्रोतेहो, अशा वेळी पुस्तकाआधी आपल्या कानाला विचारावे. वडवणीच्या बाजारातली कोणतीही आजीबाई 'तुझ्या-माझ्यात' म्हणेल. 'तुझ्या-मीत' असे कदापि म्हणणार नाही. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की सर्वनाम रूप पालटते, हे तिला कोणी शिकवलेले नाही. इंग्रजीतही तोच प्रकार आहे. म्हणून 'बिट्वीन यू अँड मी' हेच बरोबर.

स्वल्पविराम मात्र आपल्या घरचा नव्हे. मोडीत शब्दही सुटे लिहीत नसत. कोठे थांबायचे ते वाचणाऱ्याने ठरवायचे. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली आणि इंग्रजी चिन्हे छापील मराठीत रुजली. तरी पुष्कळांना ती अजून शोभेचीच वाटतात. समजा, बापाने परगावाहून मुलाला चिठ्ठी धाडली: 'ज्वारी विकायची नाही ठेवायची.' 'विकायची'पुढे स्वल्पविराम वाचला तर कणगी रिकामी होईल; 'नाही'पुढे वाचला तर भरलेली राहील. वर्षाची भाकरी एवढ्याशा शेपटीवर!

इंग्रजीत तर हे चिन्ह भाऊसुद्धा मोजते. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे' असे चिन्हाविना लिहिले, तर भाऊ एकाहून अधिक असून त्यांतला पुण्याचा सांगायचा आहे. 'हू'पूर्वी आणि 'पुणे'नंतर स्वल्पविराम दिले, तर भाऊ एकच, व पुण्याची माहिती केवळ ओघात आली. वारसाहक्काच्या कागदात हा भेद महाग पडू शकतो. मराठीत हे काम आपण सर्वनामावर सोपवतो: 'माझा जो भाऊ पुण्यास असतो, तो' म्हटले की इतर भाऊ आहेत हे ऐकणाऱ्यास कळते.

सर्वनामांच्या बाबतीत आपली श्रीमंती आणखी एका जागी दिसते. 'आम्ही जाऊ' यात ऐकणारा मागे राहतो. 'आपण जाऊ' यात तो बरोबर असतो. इंग्रजीत दोहोंना एकच 'वुई'. इंग्रज पाहुणा 'वुई विल गो' म्हणाला, तर आपण पायांत वहाणा घालाव्या की बसून राहावे, हे त्याच्या तोंडाकडे पाहूनच ठरवावे लागते.