भाड्याच्या खोलीचा जमाखर्च

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात, ते राहत्या घराविषयी. भाड्याने देण्यासाठी घर बांधणाऱ्याचा हिशेब याहून कठीण आहे. राहते घर आसरा देते, तेवढ्यावर आपण समाधान मानतो. भाड्याच्या खोलीने मात्र दरमहा पैसा द्यावा अशी अपेक्षा असते, आणि तो ती देते की खाते, हे वही उघडल्याखेरीज कळत नाही.

भाट्ये गाव काजळी नदीच्या मुखाशी आहे. पूल ओलांडला की रत्नागिरी शहर. शहरात नोकरीला किंवा शिक्षणाला येणाऱ्यास खोली लागते. इकडे निवृत्त होऊन गावी परतलेल्या कामगाराच्या हाती प्रॉव्हिडंट फंडाची व ग्रॅच्युइटीची रक्कम असते. कर्मचारी पेन्शन योजनेत 2014 साली ठरलेली किमान पेन्शन महिना अवघी 1000 रुपये. तेव्हा ‘दोन ब्लॉक बांधू, भाड्यावर म्हातारपण काढू’ असा विचार त्याच्या मनात आला तर नवल नाही. विचार वाईट नाही. पण ही रक्कम जन्मात एकदाच मिळते, म्हणून तो तपासून घेतला पाहिजे.

हिशेबाची रीत दाखवण्यासाठी काही आकडे धरू. दोन ब्लॉकना 20 लाख रुपये लागले; 12 लाख पदरचे, 8 लाख कर्जाचे. प्रत्येकी भाडे 6000. वर्षाचे 1,44,000 झाले असे आपण झटकन म्हणतो, आणि येथेच पहिली चूक होते. एक भाडेकरू गेला, दुसरा यावयाचा आहे, मधे रंग काढावयाचा आहे. यात वर्षाला महिनाभर जातोच. म्हणून अकरा महिनेच धरावे, म्हणजे 1,32,000. त्यातून घरपट्टी, विमा, पंपाचे बिल, मैलाटाकीचा उपसा आणि दुरुस्ती यांना 24,000 ठेवले, तर उरले 1,08,000. आठ लाखांच्या कर्जाचा नऊ टक्क्यांनी, पंधरा वर्षांचा हप्ता महिना सुमारे 8,114, म्हणजे वर्षाला 97,000 च्या वर. हातात राहिले साडेदहा हजार! तेच 12 लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असते, तर एक कौलही न फुटता वर्षाला 84,000 मिळाले असते.

कोणी म्हणेल, पंधरा वर्षांनी वास्तू आपलीच राहते. खरे आहे. परंतु साठीच्या माणसाने पंधरा वर्षे काय खावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. हप्ता कमी करण्यासाठी वीस वर्षांची मुदत घेतली, तर महिन्याला हजारएक रुपये वाचतात आणि व्याज मात्र एकूण अडीच लाखांहून अधिक वाढते. शिवाय बदलत्या दराचे कर्ज स्थिर राहत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेकांचे हप्ते किंवा मुदती वाढल्या. भाडे त्या वेगाने वाढत नाही.

यास्तव आमचे सांगणे असे की कर्ज काढावयाचे तर पगार चालू असताना काढावे आणि निवृत्तीपूर्वी फेडावे. निवृत्तीनंतर एकच ब्लॉक, तोही पदरच्या पैशाने बांधावा. वरच्याच आकड्यांनी दहा लाखांच्या एका ब्लॉकमधून खर्च जाता 54,000 उरतात आणि बँकेत राहिलेल्या दोन लाखांचे व्याज 14,000. बँकेच्या 84,000 पेक्षा हे कमी आहे. पण भाडे पुढे वाढू शकते आणि डोक्यावर हप्ता नसतो. दुसरा ब्लॉक ऐपत झाल्यावर.

दुरुस्तीची रक्कम कोकणात हात आखडून धरू नये. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खारा वारा स्लॅबमधल्या सळ्या गंजवतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. दुरुस्तीला पैसा नसला की काय होते, हे आमच्या कोकणी गिरणीकामगारांनी मुंबईच्या चाळींत पाहिले आहे. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठली. त्यामुळे गरीब भाडेकरू वाचला, आणि ते न्यायाचेच झाले. पण डागडुजीचा खर्च वाढतच गेला, मालकांनी हात काढून घेतला आणि इमारती पडू लागल्या. अखेर 1969 साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसवावा लागला.

कागदपत्रांचा खर्चही आधी धरावा. आपल्याकडे सातबाऱ्यावर काका-पुतण्यांची डझनभर नावे असतात. त्यांच्या संमतीवाचून बँक दारात उभे करीत नाही. जमीन बिनशेती आहे का, हे पाहावे. किनाऱ्यालगत 1991 पासून किनारा नियमनाचे निर्बंध आहेत. भरतीरेषेपासूनचे अंतर तपासल्याशिवाय पाया खणू नये. प्राप्तिकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, ती घ्यावी.

शेवटी कराराविषयी. आम्ही आयुष्यभर भाडेकरूंच्या बाजूने बोललो. आता आमचेच सभासद घरमालक होत आहेत. त्यांना आम्ही निराळे काही सांगत नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. त्याची अनामत हे आपले उत्पन्न नव्हे. ती निराळ्या खात्यात ठेवावी आणि तो जाईल त्या दिवशी परत करावी. ती बांधकामात घालून बसलेला मालक नव्या भाडेकरूच्या पैशाने जुन्याचे देणे फेडतो, आणि खोली एकदा दोन महिने रिकामी राहिली की त्याला सावकाराचे दार ठोठवावे लागते.